दसऱ्याला फिरवलेलं इंजिन

माझ्या हातून बिघडलेल्या वस्तूंची यादी आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबर मिळते. मिक्सर, दोन इस्त्र्या, सासऱ्यांचं कानाचं मशीन. बायको रंगवून सांगते. शेवटी जर्मन विमानाचं इंजिन येतं, तिथे मात्र ती कप उचलून आत जाते आणि पुढचं मलाच सांगावं लागतं.

दुबईत अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी कागदपत्रं सांभाळतो. कार्डावर टेक्निकल कोऑर्डिनेटर असं छापलंय. म्हणजे अमुक पाना कुठल्या कपाटात आहे हे मी बिनचूक सांगतो, पण तो हातात घेत नाही. आमच्या अरबाबांना, म्हणजे मालकांना, जुन्या यंत्रांचा शौक आहे. त्यांनी युरोपातल्या कुणा संग्राहकाकडून महायुद्धातलं एक इंजिन अर्धवट दुरुस्त अवस्थेत आणलं आणि चाचांच्या ताब्यात दिलं.

चाचा रत्नागिरीकडचे, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. वय चौसष्ट. साठीनंतर त्यांचा व्हिसा एकेक वर्षानेच वाढायचा आणि दर वर्षी अरबाब जरा जास्त वेळ विचार करायचे. या खेपेला त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हे इंजिन माझ्या पाहुण्यांसमोर एकदा गरजू दे, तुझं आणखी एक वर्ष पक्कं. इन्शाल्ला." चाचांना ते वर्ष हवं होतं, कारण त्यांची मुलगी शारजात असते आणि तिचं पहिलं बाळंतपण फेब्रुवारीत होतं. चाचींचा व्हिसाही चाचांच्याच व्हिसावर. ते गेले की त्याही जाणार.

इंजिनाचं जर्मन मॅन्युअल मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. माझं जर्मन म्हणजे हातातला फोन. रोज दुपारी मी पानाचा फोटो काढायचो, फोन काहीबाही बोलायचा, मी त्याला माणसाचं रूप द्यायचो आणि चाचा ऐकताना मान हलवत पान्याने कान खाजवायचे. हळूहळू मलाच गोडी लागली. इंटरनेटवर मिळेल ते वाचायला लागलो.

चौदा सिलिंडर, मधल्या शाफ्टभोवती गोल मांडलेले. सात पुढे, सात मागे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला एक गोळी लागली की पाणी सांडून खेळ खलास, म्हणून जर्मनांना वाऱ्यावर थंड होणारं असं गोल इंजिनही हवं होतं. पण पुढच्या सातांच्या आडोशाला मागच्या सातांना वारा पोचेना. ते भाजून निघायचे. मग पुढे पंखा बसवला, तो विमानाच्या पंख्यापेक्षाही जोरात फिरणारा. ते जमतंय तोवर चांगल्या धातूंचा दुष्काळ पडला. वरून हुकूम यायचे, आणखी ताकद द्या, आणखी उंच न्या, आणि स्टोअरमधून उत्तर यायचं की निकेल नाही. बिचारे इंजिनिअर कमी प्रतीच्या पोलादातून जास्त काम काढायच्या मागे.

"आपल्यासारखंच हाय," चाचा म्हणाले. "अरबाबला आजच पाहिजे, आणि गास्केट पुढच्या म्हयन्यात येणार."

एक गोष्ट मी त्यांना बिचकत सांगितली. पुढेपुढे अशी इंजिनं बनवायला छावण्यांतले कैदी जुंपले होते. उपाशी, मारून मुटकून. चाचांनी इंजिनावरच्या एका नटावरून अंगठा फिरवला.

"तरी सरळ बसवलाय बघा," एवढंच म्हणाले.

आता माझा पराक्रम.

मॅन्युअलमध्ये चौकटीत छापलेली एक सूचना होती. ती मीच वाचून दाखवली होती, मोठ्या प्रिंटमध्ये. अशा गोल इंजिनात तेल रात्रभर ओघळून तळाच्या सिलिंडरांत साठतं. म्हणून सुरू करण्याआधी खालचे प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून बघायचं. कुठे अडलं तर थांबायचं. जोर लावायचा नाही. तेल दबत नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. चाचांनी यावर आपला नियम केला होता. शाफ्टला लावलेला फिरवायचा बार एकाच माणसाने, एकाच हाताने ओढायचा.

पाहुण्यांचा कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी ठरला आणि त्याच दिवशी दसरा आला. माझे वडील बस डेपोत फिटर होते. दसऱ्याला तिथे प्रत्येक गाडीला हार, हळदकुंकू, नारळ, आणि मग गाडी एक चक्कर मारायची. पूजा करून यंत्र उभं ठेवायचं नाही, असं वडील सांगायचे. मी सकाळीच करामाच्या बाजारातून झेंडू आणला. दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "भाऊ, काल आतून तेल फिरवलंय. प्लग मी आल्यावर काढतो. फुलं घाला, काय ते घाला. हात नका लावू."

"हो हो," मी म्हणालो.

शेडमध्ये मी आणि कोल्हापूरकडचे दोन वेल्डर. हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. नंतर मला राहवेना. वाटलं, चक्कर नाही तर नाही, निदान एक फेरा तरी. मी बार धरला. एका हाताने, नियमाप्रमाणे. अर्धा फेरा छान गेला आणि अडला.

इथे मला चौकटीतली सूचना आठवायला हवी होती. खरं सांगायचं तर आठवलीही. पण एक वेल्डर म्हणाला, "साहेब, जेवला नाही का?" आणि दुसरा हसला. त्यांनी बारला पाच फुटी पाइप चढवला. तिघांनी मिळून गणपतीबाप्पाचा गजर केला आणि जोर लावला.

इंजिन फिरलं. अगदी मऊसूत. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चाचा परतले तेव्हा पाइप बारवरच होता. त्यांनी तो उतरवून बाजूला ठेवला. खालचे प्लग काढले. एका सिलिंडरातून तेलाची धार लागली ती थांबेना. मग त्यांनी प्लगच्या भोकातून पट्टी घालून पिस्टन कुठवर येतो ते मोजलं, शेजारच्याचं मोजलं, परत पहिल्याचं मोजलं.

"चार मिलिमीटर कमी," म्हणाले. "दांडा वाकला."

"सरळ करता येईल?"

"तुमीच वाचलंय ना सगळं, सांगा मग."

संध्याकाळचा कार्यक्रम रद्द झाला. घरी मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, यू हॅड वन जॉब." बायको म्हणाली, "अगं, तोसुद्धा त्यांचा नव्हता."

पुढचे दोन महिने मी जगभर ईमेल पाठवले. एका जर्मन म्हाताऱ्याचं सविस्तर, फार सभ्य उत्तर आलं. युद्ध जसं लांबलं तसं पोलाद बदलत गेलं, वजनं बदलली, एका इंजिनाचा दांडा दुसऱ्यात बसेलच असं नाही. आणि सुटा दांडा त्याने गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. खाली शुभेच्छा होत्या.

अरबाबांकडे जाऊन मी कबूल केलं. हे माझं काम, चाचांचा काही संबंध नाही. त्यांनी गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला. "आय नो, हबीबी. त्या दोन वेल्डरांनी सांगितलं. तू मनाचा चांगला आहेस. पण चालणारं इंजिन होतं तर मेकॅनिक लागत होता. आता हे रंगवून दारात ठेवायचं. रंगाऱ्याचा व्हिसा वेगळा असतो." ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. चिडले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

चाचांना म्हटलं, "व्हिजिट व्हिसावर येता येईल की फेब्रुवारीत."

"पाव्हणा म्हणून?" ते म्हणाले. इथे त्यांची चौतीस वर्षं झाली होती.

डिसेंबरात व्हिसा रद्द करायचे कागद आले. एचआरच्या केरळी बाईंसमोर मी आणि चाचा शेजारी बसलो. कोऑर्डिनेटर म्हणून शेरा मी द्यायचा होता. मी आदल्या दिवशी अर्धं पान लिहून आणलं होतं, सगळं खरं. बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, हे टाकायला जागा नाही. यातलं एक निवडा." कराराची मुदत संपली. राजीनामा. पळून गेला. मृत्यू.

मी पहिल्यावर बोट ठेवलं. त्यांनी क्लिक केलं.

चाचांनी सही केली. देश सोडायला किती दिवस आहेत ते बाईंना विचारलं. मग डाव्या हाताच्या बोटांची पेरं अंगठ्याने मोजत गेले, आजपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. दिवस पुरेनात. ते पुन्हा करंगळीपासून मोजायला लागले आणि टेबलाखाली मीही माझी पेरं मोजायला लागलो.