किल्लेदार पूल सोडतो

दोन हजारांची फौज टेबलावर कशी लढवायची, हे मला येतं. उगाच विनय दाखवण्यात अर्थ नाही. पनवेलमध्ये हे माझ्यापेक्षा चांगलं करणारं कुणी असेल तर त्याने रविवारी दुपारी नवीन पनवेलला माझ्या घरी यावं, चहा मी पाजेन.

खेळ तसा सोपा आहे. तीन-चार मित्र एकेक पात्र चालवतात आणि उरलेलं सगळं जग मी चालवते: राजे, राक्षस, नदीचा पूर. सगळं बोलून खेळायचं. एखादी गोष्ट जमली की फसली हे ठरेना, तरच वीस बाजूंचा फासा टाकायचा.

पहिली मोठी लढाई मात्र मी पार मातीत घातली. ड्रॉइंग शीटवर नदी काढली, आपली फौज म्हणून कडवे वाल मांडले आणि शत्रूची फौज म्हणून फुटाणे. एक दाणा म्हणजे दहा सैनिक, आणि प्रत्येक दाण्यासाठी वेगळा फासा. तीन तास झाले तरी लढाईतली पाच मिनिटं सरली नव्हती. एकीने मोबाइल काढला, दुसरा खिडकीत जाऊन उभा राहिला, आणि शत्रूची अख्खी डावी फळी आमच्यातल्या एकाने बोलता बोलता खाऊन टाकली. मी इतकी भडकले की उरलेले फुटाणे डब्यात ओतले आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

त्यानंतर मी डोकं लावलं. फौजेसाठी फासा टाकायचाच नाही. फौज मागे लढत असते, तिचा गलका तेवढा ऐकवायचा. खेळणाऱ्यांना विचारायचे फक्त तीन प्रश्न, तेही असे की एक धरलं की दुसरं सुटणार. पूल धरता की दरवाजा? जे सोडाल ते पडणार. तासाभरात युद्ध संपतं आणि कुणी मोबाइलला हात लावत नाही.

फुटाणे खाणारा मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, पिढ्यान् पिढ्या इथलाच. आईवडील आणि बहीण आधीच इस्रायलला गेले होते. गेल्या वर्षी जुन्या पनवेलमधलं घर विकून तोही निघाला. सहा वर्षं तो आमच्या खेळात एक म्हातारा किल्लेदार चालवत होता. जायचं पक्कं झाल्यावर त्याने मला एकच गोष्ट मागितली. "माझा किल्लेदार दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. त्याचं काय ते नीट कर."

मी तिथल्या तिथे ठरवलं: शेवटच्या रविवारी मोठी लढाई, आणि किल्लेदाराला पुलावर असं मरण द्यायचं की चौघंही रडली पाहिजेत. आठवडाभर खपून मी ते मरण दीड पान लिहून काढलं. वाचताना मलाच भरून येत होतं.

रविवारी सगळं माझ्या मनासारखं सुरू झालं. पहिल्या प्रश्नाला त्यांनी पूल धरला, दरवाजा पडला. दुसरा प्रश्न मी थेट त्यालाच विचारला. "खाली गावातली माणसं होड्यांत चढताहेत, त्यांच्याबरोबर कुणी नाही. इकडे पुलावर शत्रू आलाय. किल्लेदार कुठे?"

"किल्लेदार पूल सोडतो."

"अरे, पूल सोडलास तर किल्ला गेला!"

"जाऊ दे गेला तर. आधी माणसं काढतो."

माझं दीड पान पुलावर होतं. मला मनापासून राग आला, पण नियम माझाच होता. किल्ला पडला, माणसं होड्यांत बसली. शेवटचा प्रश्न उरला: धक्क्यावरचे दोर कापायला एकाने मागे राहायचं. कोण?

"किल्लेदार," तो म्हणाला. मी घाईघाईने कागद उचलला. म्हटलं, चला, पूल नाही तर धक्का.

"ठेव तो खाली. मरायला नाही राहत आहे तो. दोर कापून रानात शिरतो आणि तिथेच राहतो."

"शत्रूच्या मुलखात? एकटा?"

"मुलूख त्याचा आहे गं. मी जातोय म्हणून त्याने का जायचं?"

एकट्या माणसाचा जीव वाचतो की नाही यासाठी फासा लागतोच, आणि त्याने तो उचललाही होता. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "नको. राहिला तो." त्या दिवशी टेबलावर रडले ती मी एकटीच, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तो जाऊन आता आठ महिने झाले. मागच्या रविवारी उरलेली तिघं खेळता खेळता त्याच रानाच्या कडेला पोचली. एकीने विचारलं, "किल्लेदार दिसतो का?" सगळं जग माझं असलं तरी हे उत्तर माझं नव्हतं. मी त्याला मेसेज टाकला आणि चहा ठेवायला उठले. उकळी यायच्या आत त्याचं उत्तर आलं.

"दिसतो. त्यांना सांग, मी इथेच आहे."