बिननावाचं पातेलं

आमच्या मंडळीत नाव नाही अशी वस्तू नव्हती. मंडळी म्हणजे आमची ख्रिस्ती मंडळी, कोल्हापुरातली साठ-सत्तर घरं, दर रविवारी देवळात जमणारी. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तर त्या देवळात बाकांवर पाठ टेकायच्या जागी नावं, भिंतीवरच्या घड्याळावर नाव, पेटीच्या भात्यावर नाव. छताला चार पंखे होते, त्यातल्या एकाच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव तांबड्या रंगात घातलेलं होतं. पंखा फिरला की नाव दिसेना. म्हणून ते गृहस्थ मे महिन्यातसुद्धा उपासनेच्या आधी तो पंखा बंद ठेवायला लावायचे, लोक येऊन बसले, वर बघून झालं, की मग बटण दाबायचं. आम्ही घामानं भिजत वर बघायचो आणि नंतर उभं राहून गायचो की आमचं काही नाही, सगळं प्रभूचं आहे. तेव्हा मला हसू यायचं. आता त्या माणसांची शिसारी येते.

असल्या देवळात माझ्या आईनं एक पातेलं दिलं आणि त्यावर नाव घातलं नाही.

आई दवाखान्यात आया होती. वडील मी लहान असतानाच गेले, घरात आम्ही दोघीच. आई वाचायला शिकली ती शास्त्र वाचण्यापुरती, आणि शास्त्र वाचायची ती डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी. चिठ्ठीत गोळी तीन वेळा लिहिली की तीन वेळा, दोनदा नाही आणि चारदा नाही. शुभवर्तमानात क्षमा करा म्हटलंय ना, मग क्षमा. नळावर भांडून हिची घागर चेपवणाऱ्या बाईला हिनं दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेतला आपला नंबर दिला. घरी येऊन मात्र भाकरी अशी थापली की परात दणाणत होती. मी विचारलं, "झाली का क्षमा?" म्हणाली, "तिला केली की. तू गप जेव."

मी एकोणीस वर्षांची असताना मला टायफॉईड झाला. एकवीस दिवस मी अंथरुणावर होते, केस गळले, आई ड्युटी सोडून उरलेला सगळा वेळ माझ्या उशाशी. मी जगले तर काहीतरी मोठं देईन, असं ती देवाला बोलली. आमच्यात नवस बोलत नाहीत, उपकारस्तुती म्हणतात. फरक काय तो मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेला नाही. घरात मोलाची वस्तू एकच, नेसरीच्या आजीनं आईला दिलेलं पितळी पातेलं. पन्नास माणसांचा भात शिजेल एवढं थोरलं. आम्हा दोघींना ते काय करायचं? त्यात गोधड्या ठेवलेल्या असायच्या.

मी बरी होऊन हिंडाफिरायला लागले, नेमकं त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी उपदेश केला, की दान असं करा की उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. मंडळीनं माना डोलावल्या. पंख्याच्या मालकानंही डोलावली. सत्तर घरांतल्या एकाच बाईनं ते मनावर घेतलं. सोमवारी पहाटे ड्युटीला जाताना आईनं गोधड्या काढून ठेवल्या, डोक्यावर चुंबळ घेतली, पातेलं उचललं आणि देवळामागच्या स्वयंपाकाच्या पडवीत ठेवून ती तशीच दवाखान्यात गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "तू बगितलंयस म्हणून सांगतो, कुणाला बोलायचं न्हाय. बोललीस तर त्ये देणं न्हवं."

त्या रविवारी पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं, की एका अज्ञात दात्याकडून मंडळीला मोठं पितळी पातेलं मिळालं आहे. झालं, मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. बिननावाची वस्तू त्यांनी जन्मात बघितली नव्हती. पण मी माझ्या बाकावरून जे बघितलं ते कधी विसरणार नाही. 'अज्ञात दाता' हे शब्द कानावर पडताच तीन माणसांनी माना खाली घातल्या. अशा घातल्या, की बघणाऱ्याला वाटावं, हाच तो. पंख्याच्या मालकानं घातली, एका वकिलानं घातली, आणि सगळ्यात झकास घातली ती हेडमास्तरांच्या बायकोनं. तिला सगळी मंडळी वहिनीसाहेब म्हणायची. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि डोळे मिटले. माझ्या शेजारी आई गीतांचं पुस्तक उघडून पुढचं गीत शोधत बसली होती.

उपासना सुटल्यावर बायका वहिनीसाहेबांभोवती गोळा झाल्या. "तुम्हीच ना? आम्हाला कळलं की." त्यावर बाई काय म्हणाली, तर "जाऊ द्या हो, त्यात काय सांगायचं?" हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. खोटं न बोलता दुसऱ्याचं पातेलं ढापायची ही रीत मी पहिल्यांदा बघितली. हेडमास्तर बाजूलाच उभे होते. आपल्या घरातून एवढं भांडं गेलेलं नाही, हे नवऱ्याला कळत नसेल? पण ते खाली मान घालून कोटाची बटणं तपासत होते.

पुढं तर कहर झाला. पंच कमिटी बसली आणि ठराव झाला, की वहिनीसाहेबांची एवढी नम्रता झाकून राहता कामा नये. महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानापुढं नावं घालणारा बसायचा, त्याच्याकडून पातेल्याच्या काठाखाली ठोकून घेतलं: वहिनीसाहेबांचं नाव, खाली 'हिजकडून प्रभूच्या चरणी सप्रेम'. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी ते पातेलं वेदीपुढं ठेवून पुन्हा त्याच वचनावर उपदेश केला. उजवा हात, डावा हात, आणि उदाहरण म्हणून वहिनीसाहेब. त्या बाईनं रुमाल काढून डोळे पुसले. मला वाटतं, तोपर्यंत तिची स्वतःचीही खात्री पटली होती की पातेलं तिनंच दिलंय.

घरी आल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हटलं, "आई, मी आत्ताच्या आत्ता पाळकसाहेबांकडं जाते आणि सांगते."

आई चूल पेटवत होती. म्हणाली, "सांगितलंस तर दिल्यालं परत घेतल्यावाणी हुतंय. त्येनं बगितलंय न्हवं वरनं? मग झालं."

"आणि त्या बाईचं नाव?"

आई फुंकणीनं चूल फुंकत राहिली. जाळ धरल्यावर म्हणाली, "नाव काय, त्ये वरवरचं असतंय."

आता खरं सांगते. आईनं अडवलं म्हणून मी गप्प बसले, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण माझा अर्ज हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात होता. त्यांच्या शाळेत जूनमध्ये मास्तरणीची जागा निघणार होती. आईनं अडवलं नसतं तर मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले असते आणि माघारी आले असते, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. आई गप्प राहिली देवासाठी, मी गप्प राहिले पोटासाठी. जूनमध्ये मला नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी वहिनीसाहेबांच्या घरी पेढे घेऊन गेले, सलाम केला, आणि त्या बाईनं माझ्या गालाला हात लावून माझी पापी घेतली. मंडळीला मी एवढं तुच्छ मानायचे, आणि तिथं मीही हसून उभी.

त्यानंतर दर नाताळाला, इस्टरला, हंगामाच्या सणाला देवळामागं प्रीतिभोजन व्हायचं. मंडळीनं एकत्र जेवायचं. कोण कुणाच्या पंगतीला बसणार नाही हे आधी ठरवायचं आणि मग प्रीतीनं जेवायचं. भात त्याच पातेल्यात शिजायचा. जेवणं झाली की आई ते पातेलं ओढून नळाखाली न्यायची आणि घासायला बसायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. चिंच, राख, काथ्या सगळं घरून आणायची. पुढं शिरोलीला एमआयडीसी झाली तशी शेजारचा एकजण फौंड्रीत लागला. त्याच्याकडून ती डबाभर, साच्यांना वापरतात ती बारीक वाळू मागून आणायला लागली. तासतासभर घासायची. वहिनीसाहेब पडवीत खुर्चीवर बसून म्हणायच्या, "बघा, याला म्हणतात सेवा. स्वतःची वस्तू असल्यासारखी घासते." बायका माना डोलवायच्या.

मला एक गोष्ट दिसायची आणि कळायची नाही. चुलीवरच्या पातेल्याचं काळं असतं ते बुडाला. आई बुडाला चार हात मारायची आणि बाकी सगळा वेळ काठ घासत बसायची. मी एकदा म्हटलं, "अगं, बूड अजून काळंच आहे." तर म्हणाली, "असू दे की, काळं कुणाला दिसतंय."

असं बारा-तेरा वर्षं चाललं. मग आईला दम लागायला लागला. दवाखान्यात जन्म घालवलेली बाई, तिला काय झालंय हे डॉक्टरच्या आधी तिलाच कळलं. त्या वर्षी नाताळाला ती देवळात येऊ शकली नाही. मी प्रीतिभोजन उरकून घरी आले तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. पहिला प्रश्न, "पातेलं कुणी घासलं?"

"असेल कुणीतरी. मी बघितलं नाही."

"नाव गेलं का गं?"

मला आधी कळेचना. "कुठलं नाव?"

"काठाचं. इस्टरला बगितलं तवा पयल्या अक्षराचा काना गेलता. फुडचं न्हाय गेलं अजून."

मग सगळं जुळलं. वाळूचा डबा, तो काठ, ते तासतास. एवढी वर्षं मी समजत होते की माझी आई संत आहे, आणि मनातून मला त्याचाही थोडा राग होता. मी म्हटलं, "आई, तू नाव घासत होतीस?"

"व्हय."

"मला म्हणालीस, बोलायचं नाही."

"बोलू नगं म्हणून लिवलंय," आई म्हणाली. "घासू नगं असं कुठं लिवलंय?"

मी हसले, आणि मला रडायलाही आलं. त्या मंडळीत शास्त्र पाठ असलेले पाळक होते, वकील होते, हेडमास्तर होते. वचनातून आपल्यापुरती पळवाट काढण्यात सगळे पटाईत. माझ्या आईनं एकच पळवाट काढली, ती सुद्धा गुडघे मोडून, राखेचे हात करून.

तिच्या समाधानासाठी मी दुसऱ्या दिवशी देवळात गेले. पडवीत पातेलं पालथं घातलेलं होतं. उजेडात नेऊन बघितलं. काना गेलेला होता, खरं. तेवढाच. बाकी सगळं नाव जागच्या जागी, आणि 'सप्रेम' तर काल ठोकल्यासारखं. भोवतीचं पितळ तेवढं घासून घासून लख्ख झालं होतं, त्यामुळं नाव उलट जास्तच उठून दिसत होतं.

घरी येऊन मी सांगितलं, "गेलं."

"समदं?"

"समदं."

"मग आता कुणाचं हाय म्हणत्यात?"

"कुणाचंच नाही."

"आसंच पायजे," आई म्हणाली. दोन दिवस तिनं तोंडात काही घेतलं नव्हतं, त्या दुपारी वाटीभर पेज प्याली. फेब्रुवारीत ती गेली.

माती दिल्यावर लोक घरी आले. बाहेरगावच्या पाहुण्यांना जेवायला घालायचं होतं, घरात तेवढं मोठं भांडं नव्हतं. वहिनीसाहेब माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काळजी करू नकोस. आमचं पातेलं पाठवून देते. लागेल तितके दिवस ठेव."

हेडमास्तर केव्हाच रिटायर झाले होते. माझी नोकरी पक्की होती, कुणाचा बाप मला काढू शकत नव्हता. आई गेलेली होती, तिचं देणं देवाकडं कधीच पोचलेलं होतं. तोंड उघडायला मला कसलीच आडकाठी राहिली नव्हती. खोलीत पाळकसाहेब होते, वकील होता, पंख्यावाला होता, सगळे मान खाली घालून बसले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, "आभारी आहे, वहिनीसाहेब."

त्या माणसांना मी जन्मभर पाण्यात बघितलं. त्या दिवशी मला कळलं, की त्यांच्यातलीच मी एक आहे. बाकात माझ्यासाठी जागा आहे, फक्त त्यावर माझं नाव घालायचं राहिलंय.

पातेलं आलं. दोघा माणसांनी ते आमच्या उंबऱ्यातून आत आणलं. तेरा-चौदा वर्षांनी ते आपल्या घरी आलं होतं, आणि ते जिचं, ती घरात नव्हती. त्यात भात शिजला, पाहुणे जेवले, पांगले. बायका म्हणाल्या, ठेव, आम्ही घासतो. मी म्हटलं, राहू द्या.

दुपारी मी ते परसात नळाखाली ओढत नेलं. बूड काळंकुट्ट होतं. फळीवर आईचा डबा होता, अर्धा भरलेला. मी मूठभर वाळू घेतली आणि काठ घासायला बसले.