चिंचेने घासलेले सात रुपये

चिंचेचा कोळ पाहिला की मला कर्जतच्या ठाण्यातले ते प्रकरण आठवते, आणि आजही थोडी लाज वाटते.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो. कळंबच्या वाटेवर एका निवृत्त न्यायाधीशांचा बंगला होता. त्यांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. मखमलीच्या खणातले सात अंकुशी रुपये नाहीसे झाल्याची फिर्याद त्यांनी दिली. अंकुशी म्हणजे पेशवाईतले, अंकुशाची खूण असलेले चांदीचे रुपये. आठवडाभरात बाजारातल्या सोनाराने खबर आणली. पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतली एक बाई माळेच्या झिजलेल्या कड्या डाक लावून सांधून घ्यायला आली होती. माळेत अंकुशी रुपये होते आणि तेही बरोबर सात. तिचा नवरा बंगल्यावर लाकडाच्या मोळ्या टाकायचा, हे कळल्यावर मला आणखी काय हवे होते? माळ जप्त केली आणि नवऱ्याला कोठडीत घातले.

त्याच्यावर मी हात उगारला नाही, पण दोन दिवस उभा ठेवला. तो एकच सांगे, "बायकोच्या आयची माळ हाय, साएब." बाई रोज वाडीवरून उतरून ठाण्याच्या ओट्यावर बसायची. मुलीचे लग्न ठरले होते आणि माळ तिच्याच गळ्यात पडायची होती. जबाब घेताना मी माळेचा दोरा सोडून रुपये टेबलावर ओतले. कड्या चोरी लपवायला लावल्या असतील, असे मी तिला दरडावले. तिने एकेक रुपया उचलून सगळे एकाच बाजूने मांडले.

"ह्ये काय करतेस गं?" हवालदार खेकसले.

"ही बाजू आंगाला ऱ्हाते, ही बाहेर. उलटी नाय घालायची."

बाई वेळ काढते आहे, असे वाटून मी जबाब तिथेच आटोपला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या साहेबांची तपासणी होती. ज्यांनी ती भोगली त्यांनाच तिचा जाच ठाऊक. आमचे हवालदार कामाला वाघ. त्यांनी घंटा, पट्ट्यांची बक्कले, कुलपे सगळे चिंच आणि राखेने लखलखीत केले. मुद्देमालाच्या पेटीत काळे पडलेले सात रुपये दिसले, तेही त्याच परातीत घातले. साहेब खूश होऊन गेले.

तिसऱ्या दिवशी न्यायाधीश ओळख पटवायला आले. पंच बसले होते, बाई दाराशी उभी होती. मी कापड उलगडले आणि ते जवळजवळ ओरडलेच.

"कोणी घासले हे?"

हवालदार अभिमानाने पुढे झाले.

"अहो, जुन्या नाण्याचा काळेपणा म्हणजे त्याचे वय! घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाही. शिवाय हे खणात पडून होते की कुणाच्या अंगावर, ते त्या काळेपणावरून मी सांगितले असते. आता काय सांगू?"

आम्ही पुरावाच धुऊन काढला होता. तरी त्यांनी भिंग लावले. एक रुपया पाहिला, दुसरा पाहिला, मग कपाळाला आठी पडली.

"विचित्र आहे. बाजारात फिरलेले नाणे दोन्ही अंगांनी झिजते. माझी तर मुळीच झिजलेली नव्हती. हे सातही एकाच बाजूने गुळगुळीत झालेत, दुसरीकडची अक्षरे ठसठशीत आहेत."

तेव्हा कुठे मला बाईचे ते मांडणे आठवले. मी रुपये तिच्यापुढे सरकवले. "आंगाची बाजू कुठली?" तिने न पाहता, अंगठ्याने चाचपून सातही लावले. गुळगुळीत बाजू एकजात वर आली.

न्यायाधीशांनी भिंग खिशात ठेवले. "लिहा, ही माझी नाणी नाहीत. ही निदान दोन पिढ्या कुणाच्या तरी गळ्यात होती." त्यांचे स्वतःचे रुपये शेवटपर्यंत सापडले नाहीत. होकार दिला असता तर हे सात त्यांना मिळाले असते. त्या माणसाविषयी मला आजही आदर वाटतो.

नवरा सुटला. कागदपत्रे पुरी झाल्यावर मी रुपये पुन्हा ओवून माळ तिच्या हातात दिली. मला वाटले, ती पाया पडेल, निदान हसेल. तिने रुपये उन्हात धरले आणि नवऱ्याकडे पाहिले.

"ही माजी नाय रं."

"तुजीच हाय गं."

तिने अंगठा फिरवला, खात्री केली. मग मला विचारले, "आयच्या आंगाचा काळा व्हता यावर. त्यो कुनी काढला, साएब?"

हवालदारांनी मान खाली घातली. माळ पदरात बांधून ती दोघे गेली.

मुद्देमाल जसा आला तसा ठेवायचा, हा नियम मला पाठ होता. पुढे नोकरीभर मी तो कसोशीने पाळला आणि जबाब देणाऱ्याचे हातही पाहायला शिकलो. पण चोरीचा आळ घेऊन ज्यांना मी ठाण्यात आणले, त्यांचीच एक वस्तू आमच्या ठाण्यातून गेली. ती मला परत करता आली नाही.