सगळ्यांच्या मागून आलेला होय

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात चहाला होय म्हटले नाही. चहा ते पीत, आणि आवडीने पीत. पण "आबा, चहा घेणार ना?" या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "बघू." कप रिकामा करून खाली ठेवतानाही त्यांचा चेहरा असा असे, की तो चहा घ्यावा की नाही याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत वरपक्षाच्या वडीलधाऱ्याने विचारले, "मग, स्थळ मान्य ना?" आबा म्हणाले, "बघू." पाहुणे टोप्या सावरीत उठलेच होते, तेवढ्यात आतून आबांची बायको ओरडली, "आवं, बसा! त्यांचं बघू म्हंजे पक्कं झालं!"

मी एकदा त्यांना याचे कारण विचारले होते. आबा आमच्या गावाचे गाऱ्हाणे घालीत. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली, की हातात नारळ धरून गावाचे मागणे देवापुढे मांडायचे, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणून आपला कौल द्यायचा, असा तो प्रघात. मागणे मांडायचा मान आबांच्या घराण्याचा होता. ते म्हणाले, "वकीलसाहेब, त्यो शब्द देवाच्या म्होरचा हाय. त्यो चहावर कशाला घालवायचा?"

हे एवढे तपशिलाने लिहितो आहे, कारण सध्या आबांविषयी जे बोलले जाते ते मला स्वस्थ बसू देत नाही. ते गेल्यावर नाक्यावर एक फलक लागला. त्यावर आबांच्या गळ्यात पोपटी उपरणे चढवलेले होते आणि खाली लिहिले होते, 'चळवळीचे निष्ठावंत शिलेदार'. बोर्लीच्या बाजारात विचाराल तर सांगतील, की आबा विकले गेले होते. एका वार्ताहराने छापले, की त्यांनी नेत्याला भर सभेत शाप दिला. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी व्यासपीठावर आबांच्या मागे, हातभर अंतरावर उभा होतो. सांगणाऱ्यांपैकी कोण कुठे उभा होता, ते त्याने आधी सांगावे.

चळवळीची मागणी खरी होती, हे मी आजही कुणासमोरही सांगेन. गावातून समुद्राकडे जाणारी आमची जुनी पाणंद, म्हणजे बागांच्या दगडी गडग्यांमधून जाणारी बैलगाडीची वाट, मुंबईच्या एका प्लॉटवाल्याने लोखंडी फाटक लावून बंद केली. याच वाटेने कोळणी मासळी आणीत, याच वाटेने शेणखत जाई, आणि किनाऱ्यावरच्या स्मशानाकडे गावातले प्रत्येक मढे याच वाटेने गेले. तेव्हा दादा उभे राहिले. दादा आमच्याच तालुक्यातले, आवाज मोठा, हसू त्याहून मोठे. "किनारा किनारेवाल्यांचा!" ही घोषणा चौलपासून खाली पार आमच्यापर्यंत दुमदुमली. पोपटी उपरण्यांनी बाजार भरून गेले. चळवळीची निवेदने मी लिहिली, आणि ती चांगली लिहिली. आज "आम्ही त्यात कधी नव्हतोच" म्हणणारे त्या वेळी माझ्या ओटीवर बसून माझ्या वाक्यांत उद्गारचिन्हे वाढवायला सांगत असत.

आबांना मात्र चळवळीत ओढणे सोपे गेले नाही. त्यांची एक सवय होती. गाऱ्हाणे घालण्याआधी ते प्रत्येकाला विचारीत, नेमके काय मागायचे? कुणी म्हणाले, "सगळ्यांचं भलं कर म्हणा," तर ते नारळ खाली ठेवीत. "भलं म्हंजे? विहिरीला पानी का पोराला नोकरी? देवाला नीट सांगाया लागतं. त्यो काय तुमच्या मनातलं वळखायला मोकळा बसलाय?"

दादा स्वतः त्यांच्या खळ्यात आले तेव्हा मी बरोबर होतो. दादा म्हणाले, "आबा, देवाकडे विकास मागा."

"मागतो की. पन आनल्यावर ठेवायचा कुठं?"

दादा मोठ्याने हसले. आबा हसले नाहीत. उत्तराची वाट पाहत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "आबा, पाणंद खुली व्हावी, एवढंच मागा." त्यावर त्यांनी सुपाऱ्या सोलायचे थांबवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ह्ये समजलं. ह्ये मागीन."

पुढे दादांनी आबांना प्रत्येक सभेत नेले. व्यासपीठ म्हणून हुसेनमियाँचा ट्रक असे. हुसेनमियाँ कुवेतला बरीच वर्षे काढून परतलेले, जिभेने तिखट. ट्रक देत, भाडे घेत नसत, पण मत द्यायला कचरत नसत. "वकीलसाब, तुमचा दादा इतका हसतो कशाला? ज्याचा माल खपत न्हाय, त्या दुकानदाराला हसावं लागतं." मी त्यांच्यावर चिडत असे. ट्रकवर आबा उभे राहत आणि देवाला म्हणत, पाणंद खुली होऊ दे. खालून हजारो कंठांतून "व्हय महाराजा!" उठे, आणि अंगावर काटा येई. तो काटा खरा होता. आज त्याची टिंगल करणाऱ्यांना मी सांगतो, की तुम्ही तो अनुभवलाच नाहीत, किंवा अनुभवून विसरला आहात. दोहोंपैकी काय अधिक लाजिरवाणे, ते तुमचे तुम्ही ठरवा.

हळूहळू एक गोष्ट घडू लागली. आबांचे वाक्य संपायच्या आतच होय येऊ लागला. मग मागण्याचा पहिला शब्द आला की होय. मग दादांनी नुसता हात वर केला, की होय. सभेवरून परतताना आबा ट्रकमध्ये अस्वस्थ असत, बसल्या जागी सारखे वळत. एकदा मला म्हणाले, "ह्ये आयकत न्हाईत, वकीलसाहेब. मी उद्या काय बी बोललो तरी ह्ये व्हय बोलतील."

आता ती शेवटची सभा. दुपारची वेळ, बोर्लीजवळचे मैदान, उन्हाने तापलेले. दादांनी जाहीर केले, की ज्यांच्यावर दोन निवडणुका आग ओकली त्यांच्याच पक्षात आपण सगळे सामील होत आहोत. एक महामंडळ आपल्याकडे येत आहे. किनाऱ्याचे भले आता आतूनच करता येईल. पाणंदीचा प्लॉटवाला पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर बसला होता. नव्या रंगाच्या उपरण्यांची खोकी ट्रकवर फोडून ठेवलेली होती. दादा म्हणाले, "आबा, नव्या वाटेसाठी गाऱ्हाणं घाला."

आबांनी नारळ घेतला. जे म्हणाले ते मी शब्दशः देतो.

"बा देवा महाराजा, ही लेकरं तुज्याम्होरं हात जोडून हुबी हायेत."

"व्हय महाराजा!"

"ह्यांनी तुज्याम्होरं नारळ ठिवून पानंद मागितली."

"व्हय महाराजा!"

"आन ज्यानं पानंद बंद केली, त्याच्या मांडीला मांडी लावून आज बसल्येत."

"व्हय महाराजा!"

हा होय सर्वांत मोठा होता. मी खाली पाहिले. लोक हात जोडून, डोळे मिटून, मनापासून ओरडत होते. खुर्चीतला प्लॉटवालाही ओरडला.

"उद्या ह्येच बोलतील, आमी त्या चळवळीत कधी नव्हतोच."

"व्हय महाराजा!"

"तर देवा, ह्यांच्या तोंडातून व्हय निघायच्या आदी ह्यांचे कान उघड."

या वेळी पुढच्या चार रांगांना काहीतरी लागले आणि त्या गप्प झाल्या. मागचे मैदान मात्र नेहमीप्रमाणे गरजले. आणि छायाचित्रकारासमोर डोळे मिटून, हसू तसेच ठेवून, व्यासपीठावरून सर्वांत स्पष्ट "व्हय महाराजा" म्हणाले ते स्वतः दादा. आबांनी नारळ फोडला नाही. तो माझ्या हातात दिला आणि ट्रकवरून उतरले. खाली हुसेनमियाँ स्टेअरिंगवर कपाळ टेकून हसत होते, की रडत होते, हे मला नक्की सांगता येणार नाही. म्हणून सांगत नाही.

यात शाप कुठे आहे? मोबाइलवर जी चित्रफीत फिरली तीत फक्त शेवटचे वाक्य होते, मागे भयंकर संगीत लावलेले. ती पाहून वार्ताहराला शाप दिसला, आणि ज्यांनी मैदानात होय म्हटले होते त्यांनाच तो त्या चित्रफितीत पहिल्यांदा ऐकू आला. मग ते संतापले. आबा दारू प्यालेले होते, असे सांगितले गेले. ते सुपारीपलीकडे कशाला शिवत नसत. प्लॉटवाल्याने त्यांना विकत घेतले, असेही सांगितले गेले, आणि सांगणारे त्याच्याच बंगल्यांवर रखवालीला होते.

गावकीने बैठक घेऊन आबांचा मान काढला. मी बैठकीत त्याविरुद्ध बोललो, एकटाच बोललो. पुढच्या शिमग्याला दादांच्या गोटातल्या एकाने मोबाइलमध्ये बघून गाऱ्हाणे वाचले. आबा येणार नाहीत असे सर्वांना वाटले होते. ते आले, आणि जन्मात प्रथमच गर्दीत, अगदी मागे, माझ्याजवळ उभे राहिले. वाचणारा वाचत होता, लोक वाक्य अर्ध्यावर असतानाच होय म्हणत होते. आबा कानामागे तळहात धरून ऐकत होते. वाक्य पुरते संपले, गलका शांत झाला, आणि मग सगळ्यांच्या मागून एकट्या म्हाताऱ्याचा सावकाश आवाज आला, "व्हय महाराजा." माना वळल्या. कुणी हसले. पुढच्या मागण्यावरही तसेच. एका मागण्यावर मात्र लोक वाट पाहत राहिले, आणि मागून काहीच आले नाही. ते मागणे दादांच्या दीर्घायुष्याचे नव्हते, तर त्यांच्या महामंडळाच्या भरभराटीचे होते. दीर्घायुष्याला आबांनी होय म्हटले होते. हेही कुणी सांगत नाही.

"राग न्हाय आला?" मी घरी जाताना विचारले.

"बघू," आबा म्हणाले.

आबा गेले तेव्हा त्यांना डांबरी रस्त्याने, मोठा वळसा घालून किनाऱ्यावर न्यावे लागले. पाणंदीच्या फाटकावरचा रखवालदार आमच्याच गावचा. तो फाटकाच्या आत टोपी काढून उभा राहिला, पण फाटक उघडले नाही. आणि ज्यांनी आबांचा मान काढला, ते खांदा द्यायला ढकलाढकली करीत होते. फलकावरच्या पोपटी उपरण्याविषयी मी आबांच्या सुनेला विचारले. ती म्हणाली, "त्यांनी गळ्यात कवा घातलंय ते? सुपारीची टोपली झाकाया हाय ते माझ्याकडं."

यंदाच्या शिमग्याला दादांचा पुतण्या पालखीला आला होता. उपरणे आता तिसऱ्याच रंगाचे. वाचणाऱ्याने मोबाइल वर धरला: "बा देवा महाराजा, ह्यांच्या हातून आपली पाणंद खुली होऊ दे." पाणंद हा शब्द येताच सगळी सहाण दणाणली. अंगावर काटा आला, आणि तो आला याचाच मला संताप आला. शेजारचा म्हणाला, "वकीलसाहेब, पाणंदीचंच मागनं हाय की. बोला!"

मी त्याला हाताने थांबवले. वाक्य संपू दिले, गलका शांत होऊ दिला. मग, आवाज जितका चढतो तितका चढवून म्हणालो, "पाणंदीपुरतं व्हय, महाराजा."

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या. वळू देत.