भिसे मास्तरांचे दोन तरोटे

आम्ही वाशीमच्या शाळेतले जुने शिक्षक एकत्र बसलो की भिसे मास्तर निघतातच! दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे हे किस्से. एक संपत नाही तोच कोणीतरी म्हणतं, "अन् ते बाजारातलं?"

मास्तरांचं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यात बांधावर उगवतो तो पिवळ्या फुलांचा तरोटा, म्हणजे टाकळा, एक नाही, दोन आहेत. एकाच्या पानाच्या देठावर एक बारीक गाठ, दुसऱ्याच्या देठावर दोन. बास! एवढ्यासाठी माणूस जेवण विसरायचा.

*

तर बाजारातलं. मास्तर भिंग लावून भाजीवाल्या गिरजाबाईच्या तरोट्याच्या जुड्या तपासत बसले. शेजारचे अत्तरवाले करीमभाई ओरडले, "मास्तर, किडे पडले का काय भाजीत?"

"किडे नाही हो, गाठी!"

गिऱ्हाईकं पांगली. गिरजाबाई अशी भडकली की विचारू नका.

*

एकदा आम्ही मास्तरांकडे जेवायला गेलो, तर वहिनींनी दारातल्या दोन टोपल्यांतल्या नमुन्यांची भाजी करून वाढली. मास्तरांचा घास हातातच राहिला. आम्हाला वाटलं, आता भांडण!

मास्तर म्हणाले, "वेगळे शिजवलेस, की एकत्र?"

*

नमुने दाबून वाळवायला हजेरीबुकाइतकं जड दुसरं पुस्तक नव्हतं, म्हणून मास्तर ते त्यातच ठेवायचे. नेमके इन्स्पेक्टरसाहेब आले, बुक उघडलं, तर दोन वाळक्या फांद्या!

"हे काय?"

"साहेब, हे दोघंही हजर आहेत!"

साहेब हसले, पण हेडमास्तर पेटले. "तरोटे दोन आहेत हे शनिवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर कपाटातला सगळा पालापाचोळा बाहेर!" दोन वर्षांची मेहनत होती ती. मास्तरांचा चेहरा बघवेना.

*

शनिवारी हेडमास्तरांनी स्वतः चाळीस फांद्या मिसळल्या. "गाठी मोजायचं ज्याला ठाऊक नाही, त्यानं निवडून दाखवावं!" गिरजाबाईला बोलावलं. ती फुरंगटूनच आली. देठाकडे बघितलंसुद्धा नाही. पान चुरडायचं, हुंगायचं, की या ढिगात नाहीतर त्या ढिगात!

हेडमास्तर भिंग घेऊन बसले. या ढिगात एकेक गाठ. त्या ढिगात दोन-दोन. एकही चूक नाही! मास्तर चक्क बाकावर चढले, आम्ही टाळ्या पिटल्या.

हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, याचं नाव काय?"

"तरोटा."

"आणि त्याचं?"

"तरोटाच."

"मग दोन कसे?"

गिरजाबाईनं पदर खोचला. "माह्या घरी दोन सुना हायेत, गुरुजी. दोघींलेबी हाक 'पोरी'च. पन जिले बलावलं, तेच येते!"