घोंगडीतला सेट

संगीताला तिच्या वस्तीत आता कुणी संगीता म्हणत नाही. टेकडी म्हणतात. "टेकडीला इचारा," "टेकडी काय म्हणती?" असं दिवसातून कितीदा तरी कानावर येतं आणि नवखा पाहुणा उगाच डोंगराकडे बघत बसतो. अंगानं ती काटकुळी, उंचीनं नवऱ्याच्या खांद्याला लागणारी, तेव्हा हे नाव काही शरीरावरून पडलेलं नाही. ते पडलं वॉकीटॉकीमुळे, आणि कायमचं चिकटलं ते सासऱ्याच्या घोंगडीमुळे.

माहेर तिचं चौसाळ्याचं. हायवेच्या कडेला वाढलेली पोर, ट्रकांचे भोंगे ऐकतच मोठी झाली, त्यामुळे बुजणं म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. दहावी झाली, धारूरच्या डोंगरकडेला मेंढरं राखणाऱ्या घरात लग्न झालं आणि नवरा नाथा तिला घेऊन पुण्याला गेला. तो बांधकामावर लागला आणि ती एका मोठ्या कापड दुकानात गार्ड झाली. निळा शर्ट, कमरेला काळा पट्टा, पट्ट्याला वॉकीटॉकी. तीन मजल्यांच्या दुकानात कुठं काय चाललंय ते दारात उभं राहून तिला कळायचं. करोनात दुकान बंद पडलं आणि दोघं गावी परतली. पट्टा तिनं बरोबर आणला. वॉकीटॉकी मात्र परत द्यावा लागला, याची हळहळ तिला कितीतरी दिवस होती.

गावी सासरा म्हाळू, सासू दगडाबाई, मेंढरांचा कळप आणि थोड्या शेळ्या. म्हाळू म्हणजे जुनं खोड. धोतर, बंडी, खांद्यावर काळी घोंगडी, आणि तोंडात शब्द मोजके. माणसांशी तो फारसा बोलायचा नाही. त्याचं खरं बोलणं चालायचं ते गजरीशी. गजरी म्हणजे कळपात सगळ्यात पुढं चालणारी म्हातारी मेंढी. सून आल्यापासून चांगलं असं त्यानं तिला एकदाही म्हटलं नव्हतं. भाकरी चांगली झाली तर तो दुसरी मागायचा, तेवढंच काय ते कौतुक.

मग मागच्या दिवाळीनंतर मेंढरं चोरीला जायला लागली. तीही रात्री नाही, भर दिवसा. दरीतल्या तळ्याकडे वस्तीवरची भिवराबाई एकटीच चारायला जाते. नवरा वारलेला, लेकी सासरी, कळप हाच तिचा संसार. एक पिकअप आली, दोघं उतरले, हाताला लागतील तेवढी मेंढरं ताडपत्रीखाली कोंबली आणि गेले. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. दरीत मोबाईलला रेंज नाही, आणि बाकीचे मेंढपाळ दोन डोंगर पलीकडे. संध्याकाळी वस्तीवर येऊन ती म्हणाली, "म्या आता ऱ्हायलेली बी इकून टाकते." सगळे उपाय शोधायला बसले. प्रत्येक कळपामागं दोन माणसं द्यावीत, तर माणसं आणायची कुठून?

"वॉकीटॉकी घेऊ," संगीता म्हणाली.

"मेंढरामागं माणूस लागतंय, डबडं न्हाई," म्हाळू म्हणाला.

"माणूस हायच की मामा. डबड्यानं त्या माणसाची हाक दुसऱ्या माणसापतूर जाती." आणि मग, बोलायला नको होतं ते बोलून गेली. "चंपाषष्ठीपतूर एक जरी मेंढरू गेलं, तर समदे सेट म्या माझ्या हातानं बारवंच्या पाण्यात टाकते. पुन्ना तोंड उघडायची न्हाई."

धनगराच्या घरात चंपाषष्ठीचं नाव घेऊन केलेली बोली म्हणजे देवाला साक्षी ठेवल्यासारखी. म्हाळूनं मान डोलावली आणि विषय संपला.

बीडला जाऊन तिनं सेट आणले. परवाना लागत नाही तेच द्या, असं दुकानदाराला तीनदा बजावून, खोक्यावर ते छापलेलं वाचूनच तिनं हात लावला. आल्याबरोबर सगळ्यांना बोलवायची घाई केली नाही. आधी रात्रभर चार्जिंगला लावले. सकाळी हिरवा दिवा दिसल्यावर पारावर माणसं गोळा केली. एरिअल पिळून घट्ट बसवली, सगळे सेट पहिल्या खटक्यावर, म्हणजे एकाच चॅनेलवर, आणून ठेवले आणि तिची शाळा सुरू झाली.

"हे बटन दाबायचं. दाबल्या दाबल्या बोलायचं न्हाई, एक श्वास घ्यायचा, न्हाईतर पयला शब्द गिळतंय. तोंडापासून वीतभर लांब धरायचं. बोलून झालं की 'सोडलं' म्हणायचं आन बटन खरंच सोडायचं. जवर तुमी दाबून हाव, तवर दुसऱ्याचं काई ऐकू येणार न्हाई. तुमालाबी न्हाई आन कुनालाच न्हाई."

पुण्याच्या दुकानात 'ओव्हर' म्हणायचे. इथं 'सोडलं' बरं पडलं, कारण म्हणतानाच बोट आपोआप उठतं.

पहिली अडचण आली ती नावाची. हाक मारायची तर नाव घ्यायला हवं आणि संगीता नाथाचं नाव सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं कसं घेणार? मग तिनं माणसांची नावंच बाद केली. जो जिथं चारतो, ते त्याचं नाव. नाथा कळपातली निम्मी मेंढरं घेऊन घाटाच्या रस्त्याकडे असायचा, तो झाला घाट. भिवराबाई तळं. म्हाळू पवनचक्क्यांच्या पठारावर जायचा, तो पवनचक्की. घाट आणि तळं यांच्यामध्ये डोंगर आडवा येत होता, एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. दोन दिवस सेट घेऊन फिरल्यावर तिला मधलं एक टेकाड सापडलं. तिथून सगळे ऐकू येत, तिथं मोबाईललाही रेंज होती. तिनं आपल्या शेळ्या तिकडंच न्यायला सुरुवात केली. इकडचा निरोप तिकडं पोचवायची जबाबदारी तिची, म्हणून ती टेकडी.

शेवटचा धडा तिनं सगळ्यांकडून घोकून घेतला. "कुनाचं बटन अडकलं आन पयला खटका तुंबला, तर कुनाला इचारत बसायचं न्हाई. गोल खटका शेवटपतूर फिरवायचा. पुढं फिरंना झाला की थांबायचं. समदे तिथं भेटू." आकडे न वाचणाऱ्या भिवराबाईलाही हे जमण्यासारखं होतं. तरी ती चार-चारदा चुकली, बिचारी स्वतःवरच चिडली. संगीता म्हणायची, "मावशी, घाई नगं. शेवटपतूर, एवढंच ध्यानात ठिवा."

म्हाळूनं सेट घेतला खरा, पण ठेवायचा कुठं हा प्रश्न होता. नाथानं पँटला अडकवला, भिवराबाईनं कमरेच्या पिशवीत टाकला. धोतराला पट्टा कुठला? संगीतानं आपला पुण्याचा काळा पट्टा पुढं केला, त्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. त्यानं सेट घोंगडीच्या कोपऱ्यात घातला, तंबाखूची चंची बांधतो तशी करकचून गाठ मारली आणि खांद्यावरून छातीशी घेतला. वर्षानुवर्षं त्याच्या सगळ्या मोलाच्या वस्तू त्याच गाठीत राहिल्या होत्या. पडायची, हरवायची भीती नाही. संगीता काही बोलली नाही, आणि तिथंच तिचं चुकलं.

चंपाषष्ठी दोन-चार दिवसांवर आली होती. सकाळी कडाक्याची थंडी होती. संगीता टेकडीवर पोचली, सेट सुरू केला आणि दचकली. सेटमधून म्हाळूचा आवाज येत होता.

"गजरे, तिकडं नगं जाऊ. काटं हायती. गुडघा लई ठणकायलाय बघ..."

ती आधी हसली. मग हसू ओसरलं. थंडीनं म्हाताऱ्यानं घोंगडी अंगाभोवती आवळून घेतली असणार, गाठीतलं बटन दाबलं गेलं असणार. पठार सगळ्यात उंच, तिथून बोललेलं चहूकडे पोचतं. म्हणजे सगळा पहिला खटका तुंबला होता. तिनं दोनदा हाक मारून पाहिली. सासऱ्याला काय ऐकू जाणार? तो आपला मेंढीला काटे दाखवत होता.

तिनं खटका शेवटपर्यंत फिरवला. "टेकडी बोलतीय. कोन कोन आलं? सोडलं."

"घाट आलाय," नाथा म्हणाला. "आमचा बा काय कीर्तनाला बसलाय का? सोडलं."

"तळं? तळं, आलाव का? सोडलं."

काही नाही. नुसती खरखर. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर. भिवराबाई नेमकी त्या दरीत एकटी, आणि खटका चुकणारीही नेमकी तीच. आपण बारवेची भाषा केली, पण त्या बाईचं काय? तिची राहिलेली मेंढरं गेली, तर सेट बारवेत टाकून ती परत येणार होती का? पळत तळ्याकडे जावं, असं तिच्या पायांना वाटलं. पण टेकडी सोडली, तर कुणाचाच कुणाला आवाज पोचणार नव्हता. ती जागची हलली नाही.

"...टेकडी! टेकडी!" आवाज फुटत होता, पण आवाज भिवराबाईचाच. "तळं बोलतंय! पांढरी पिकप आलीय गं! मेंढरं भरायलेत! दोघं हायती!" आणि एवढ्या धावपळीतही शेवटी, शाळेत शिकवल्यासारखं, "सोडलं!"

संगीतानं एक श्वास घेतला.

"मावशी, जवळ जाऊ नगा. झाडाआड ऱ्हावा, नुसतं बघा. गाडी हालली की सांगा. सोडलं. घाट, ऐका. तळ्याची वाट घाटाच्या रस्त्यालाच निघती, दुसरी वाट न्हाई. तुमची मेंढरं रस्त्यावर घ्या. वळणाच्या अलीकडं. सोडलं."

"समदी?"

"समदी!"

मग तिनं मोबाईल काढून पोलिसांना गाडीचा रंग आणि वळणाची जागा सांगितली. वस्तीवरही फोन केला.

पिकअप वळणावर आली, तेव्हा घाटाचा रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत मेंढरांनी भरला होता. आपल्याकडे गाडी चालवलेल्या माणसाला ठाऊक आहे, मेंढरांपुढं भोंग्याचं काही चालत नाही. भोंगा वाजला की ती जास्तच दाटीनं उभी राहतात. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बाजूला घे ना बे मेंढरं!"

"घेतो की," नाथा काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला. "त्यानी ऐकाय नगं का?"

तेवढ्यात मागून वस्तीवरची माणसं आली. नाथानं काठी बॉनेटवर आपटली. "उतर बे खाली!" ते दोघे उतरले ते थेट झाडीत पळाले, पण खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन उभी होतीच. ताडपत्री काढली. भिवराबाई धापा टाकत पोचली होती. तिनं एकेका मेंढराच्या तोंडावरून हात फिरवला. एकही कमी नव्हतं. मग ती रस्त्यातच खाली बसली आणि सेट छातीशी धरून रडली.

टेकडीवर संगीतानं नाथाकडून सगळं ऐकून घेतलं. म्हाताऱ्याला कळवावं म्हणून तिनं खटका पहिल्यावर आणला. घाटात नाथानंही आणला, भिवराबाईनंही आणला. म्हाळू अजून बोलतच होता.

"...त्वांडावर म्हणत न्हाई मी, गजरे. चढंल उगं. पर पोरगी वाघीन हाय. नाथ्याला मेंढरं कळत्यात, तिला माणसं कळत्यात. माझ्या मागारी ह्या कळपाचं तीच बघंल. म्या बिनघोर हाय बघ. तुज्याबिगर कुनाला सांगू?"

घाटात सगळी माणसं नाथाच्या सेटभोवती गोळा झाली होती. टेकडीवर संगीतानं पदर तोंडाला लावला. सेट बंद करावा, असं तिला वाटलं नाही.

संध्याकाळी म्हाळू कळप घेऊन उतरला, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. चोर सापडल्याचं वाटेतच कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तो तडक संगीतापुढं आला आणि गाठ सोडायला लागला.

"एवढं झालं आन मला एक शबूद न्हाई. दिसभर मुकं पडलंय तुमचं डबडं. कावून?"

"बिघडलं न्हाई मामा," संगीता म्हणाली. "गाठीत बटन दाबलं गेलतं."

म्हाळूची बोटं थांबली. "कवापासून?"

"सकाळपासून."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. नाथा आभाळाकडे बघत होता. भिवराबाई पदराआड हसत होती. दगडाबाई दारातून म्हणाली, "आवं, माझ्याबद्दल कायबी बोलला न्हाईत म्हणं?"

म्हाळू बराच वेळ गाठीशी झटापट करत राहिला. सेट निघाला. तो त्यानं संगीताच्या हातात दिला नाही, स्वतःच्याच हातात धरून ठेवला. मग दुसरा हात पुढं केला.

"त्यो पुण्याचा पट्टा आन इकडं," तो म्हणाला. "आन ऐकलंस ना समदं? मंग मला पुन्ना म्हणाया लावू नगंस."