टाळूवरची नागीण

नागीण माणसाच्या कमरेला होते, पाठीला होते. मला तोंडात झाली. उजव्या बाजूचा टाळू आणि गाल आतून बारीक फोडांनी भरला, पाण्याचा घोटही आगीसारखा लागू लागला. तेव्हा मी बोरीला राहायचो आणि तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो.

घरात शब्द थोरल्या चुलत्यांचा चालायचा. गावची पोलीसपाटीलकी करून मोकळे झालेले. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कमरेची नागीण निदान दिसते, माझी बघायला बॅटरी लागायची. सकाळी चहाच्या आधी ते मला ओट्यावर बसवत, तोंड उघडायला लावत आणि आत उजेड पाडून जमलेल्यांना सांगत, "अजून वीतभर अंतर हाय." माझ्या तोंडात वीतभर जागा कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. मला तर बोलताच येत नव्हतं.

शेवटी आम्ही परभणीच्या डॉक्टरांकडे निघालो. एसटीत विद्यापीठाच्या नामांतरावरून दोन तट पडले होते, आवाज चढले होते. चुलत्यांनी माझा आजार सांगितला तसं भांडण थांबलं आणि दोन्ही तटांची माणसं आळीपाळीने माझ्या तोंडात डोकावून गेली.

डॉक्टर तरुण होते, सूक्ष्मदर्शकाचे हौशी. नागीण हा विषाणू असतो, एका नसेच्या वाटेने येतो आणि शरीराची मधली रेघ सहसा ओलांडत नाही, असं त्यांनी समजावलं. चुलते म्हणाले, दाखवा. डॉक्टरांनी एक ताजा फोड उघडून त्याचा तळ खरवडला. मला टेबल धरावं लागलं. चांगल्या गालाचंही थोडं खरवडून घेतलं, दोन्ही काचांवर पसरून वाळवलं आणि निळा-जांभळा रंग चढवला.

आधी मी पाहिलं. चांगल्या गालाच्या पेशी ओळखीच्या होत्या. पापडासारख्या चपट्या, मधोमध एक ठिपका, म्हणजे केंद्रक. दरवर्षी पोरांना काडीने गाल खरवडायला लावून मी हेच दाखवायचो: एक पेशी, एक केंद्रक. दुसऱ्या काचेवर पेशी फुगून गरगरीत झाल्या होत्या. काही तर एकमेकींत मिसळून एकच अवाढव्य पेशी झालेली आणि तिच्यात पाच-सहा केंद्रकं, एकमेकांना रेटून बसलेली, मधून दुधी काचेसारखी धुरकट. माझ्याच तोंडातलं होतं ते, पण परक्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं.

मग चुलते वाकले. बराच वेळ हलले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी टोपी काढली होती.

"पाच फण्यांचा हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

डॉक्टरांनी पेशी आणि केंद्रक पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चुलत्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि काच घरी न्यायला मागितली. डॉक्टरांना ती विज्ञानाची गोडी वाटली असावी, त्यांनी दिली.

दुसऱ्या दिवसापासून घरी दुधाचे तांबे येऊ लागले. बायको आधी नको म्हणत होती, पण दुधाशिवाय माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. बाया तांबा ठेवून मला हात जोडत. बोलता येत नसल्यामुळे मी नुसती मान डोलवायचो. मान डोलवतो हे कळल्यावर गर्दी वाढली.

पुढे फोड सुकले, मधली रेघ न ओलांडता. काच देवघरात गेली होती, तिला हळदकुंकू लागलं होतं. विद्यार्थ्यांना दाखवायला मी ती मागितली तर चुलते नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, नागीण आता पुरती गेली का? डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की हा विषाणू जात नाही, नसेच्या मुळाशी झोपून राहतो. मी ते खरं खरं सांगितलं.

चुलते विचारात पडले. "मग तुमी आता जरा शांत ऱ्हात जावा," म्हणाले.

जन्मापासून मला अरे-तुरे करणारा तो माणूस त्यानंतर शेवटपर्यंत माझ्याशी अहो-जाहोनेच बोलला.